मनगटावरचा आकडा

केतकीने लाटणं आपटलं, तेव्हा निनादने तिच्याकडे नाही, स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. तिच्या दंडात बसवलेली चकती रक्तातली साखर मोजून त्याच्या मनगटावरच्या घड्याळात दाखवायची. आकडा घसरलेला असला की तो बिस्किट पुढे करायचा, चढलेला असला की इन्सुलिन द्यायचा. मधुमेहाच्या बावीस वर्षांत, आधी तिचं बोट टोचून आणि आता घड्याळात बघून, तिचा प्रत्येक राग, प्रत्येक रडणं त्याने असंच निस्तरलं होतं.

केतकीने गॅस बंद केला आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"निनाद, मला आता जगावंसंच वाटत नाही रे."

त्याने घाईघाईने पुन्हा मनगट बघितलं आणि त्याला हायसं वाटलं.

"एकशे आठ! अगं, तुला काहीसुद्धा झालेलं नाहीये. चहा टाकतेस?"