न विझणारी भट्टी

मुलीच्या लग्नाची बैठक बेकरीतच बसली आणि चहा निवायच्या आत गाडी नरकावर घसरली. मुलीचे वडील बेकरीवाले. ते म्हणाले, "बायबलमध्ये न विझणारा अग्नी लिहिलाय. पापी त्यात कायमचा जळणार. माझी भट्टी तीस वर्षांत विझली नाही, मग देवाची कशी विझेल?"

मुलाचे वडील अग्निशमन दलातले. "जळायचं ते जळून गेलं की कुठलीही आग विझते. पापी खाक होतो, विषय संपतो. कायमचं छळत बसायला देव काय तुमच्यासारखा हट्टी आहे?"

"असल्या घरात मी मुलगी देणार नाही."

"आम्हालाही नको," म्हणत मुलाचे वडील उठले.

बेकरीवाल्यांची बायको पिठाचे हात पुसत पुढे आली. "जाण्याआधी एवढंच सांगा. पोरांचं जमलेलं लग्न जो मोडतो, तो कुठे जातो?"

मुलाचे वडील पुन्हा खुर्चीत बसले. उत्तर दोघांनाही येत होतं.

"तिथे कायमचा जळतो की जळून संपतो, ते सावकाश ठरवा," ती म्हणाली. "तारीख आत्ता ठरवा."

लग्नाच्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदाच भट्टी विझवायची होती. विझवायचा मान अर्थातच व्याह्यांचा. त्यांनी निखारे बाहेर ओढले, वर बादलीभर पाणी ओतलं आणि छाती फुगवून म्हणाले, "विझली बघा."

बेकरीवाले त्यांच्या गळ्यात पडत म्हणाले, "आजच्यापुरती."