चाळीस थेंब

"आता बोलू नका. मोजणी चुकते," सत्यशीला मॅडम म्हणाल्या.

तिघेही गप्प झाले. गुणवंतरावांना गप्प बसवणारं माणूस गावात अजून जन्मायचं होतं, पण सिंदेवाहीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमची ही काचेची नळी त्यांना भारी पडली. मध्ये फुगीर, वर एक खूण, खाली एक खूण. पाणी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत उतरेस्तोवर किती थेंब गळतात, तेवढं मोजायचं.

आधी मॅडमनी शुद्ध पाणी भरलं. चाळीस थेंब. खुशालने तो आकडा मनात पाठ करून टाकला.

भानगड गावच्या बोडीची, म्हणजे शेतांना पाणी देणाऱ्या लहानशा तळ्याची होती. मनकर्णाबाईच्या बचत गटाने तिच्यात मासे सोडले होते. बारा बायांची मेहनत गुरुवारी सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. बोडीला लागून तिघांचीच शेतं: गुणवंतरावांचं, खुशालचं आणि मनकर्णाबाईचा एक तुकडा. कुणीतरी फवारणीचा पंप बोडीत धुतला आणि त्यातलं स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरावं म्हणून घालतात ते, पाण्यात गेलं, यावर गावाचं एकमत झालं. तो कुणीतरी खुशालच, यावरही झालं. गरिबाच्या बाबतीत एकमत व्हायला वेळ लागत नाही.

उद्याच्या गावसभेत त्याच्या शेताचं पाणी बंद होणार होतं. धान निसवला होता. आता पाणी तुटलं तर लोंब्या पोचट राहणार. खुशाल घाबरला होता आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं. तोच मॅडमकडे आला होता. मॅडमनी तिघांनाही निरोप धाडला: रविवारी आपापल्या बांधाजवळचं पाणी बाटलीत भरून आणा.

"स्टिकर असलं म्हंजे काय होते?" मनकर्णाबाईने विचारलं.

"पाण्याचा ताण कमी होतो. थेंबाला धीर धरवत नाही, लहान असतानाच गळतो. मग थेंब जास्त भरतात."

"म्हंजे ज्याचे थेंब जास्त, तोच ना?"

"मोजून तर पाहू, बाई."

"हे नाटक काऊन पाह्यजे?" गुणवंतराव उसळले. "बुधवारी हाच फवारून राह्यला होता."

"बुधवारी तं साऱ्यायनंच फवारलं, भाऊ. मी पंप घरी नेऊन धुतला."

"मंग फेस कुठून आला?" मनकर्णाबाई म्हणाली. "काठाले हातभर फेस होता. त्या अकरा बायायले मी तोंड काय दाखवू?"

"फेस?" गुणवंतराव तिच्याकडे बघत राहिले. "मी उजाडताच गेलो होतो. मले तं फक्त मासे दिसले."

"तुमी यायच्या पह्यले विरला असन."

मॅडम नळी धूत होत्या. दाराबाहेर काढलेल्या त्यांच्या चपलांना काळा गाळ लागला होता. मोरीवर तीन रिकाम्या बाटल्या उपड्या ठेवल्या होत्या.

पहिली बाटली गुणवंतरावांची. हिरवट पाणी. मॅडम ओठ हलवत मोजत गेल्या. छप्पन.

खुशालचा चेहरा उजळला. गुणवंतरावांचा काळवंडला.

"नळीच खोटी हाय तुमची!"

"बसा, भाऊ."

दुसरी खुशालची. तसंच हिरवट पाणी, वर शेवाळाचा एक धागा. चाळीस झाले तेव्हा खुशालने डोळे मिटले. पन्नास. छप्पन.

"घ्या! म्हंजे दोघंबी!" मनकर्णाबाई कडाडली. "बारा बायायच्या पोटावर पाय देल्ला तुमी!"

"मॅडम, आईची शपथ," खुशाल म्हणाला.

तिसरी बाटली मनकर्णाबाईने स्वतःच पुढे सरकवली. काचेसारखं नितळ पाणी. थेंब संथपणे, चांगले भरून पडत गेले. सदतीस, अडतीस. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

चाळीस.

तिने सुस्कारा सोडला. "पाह्यलं ना, मॅडम? माह्या बाजूचं पाणी साफ हाय. या दोघायचंबी पाणी बंद करा. तुमीच लिहून द्या."

यंदाचा धान गेला, असं खुशालने धरूनच टाकलं.

मॅडमनी वहीत तीन आकडे लिहिले. पेनाला टोपण लावलं.

"मी आज सकाळीच बोडीवर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तिन्ही बांधांजवळचं पाणी भरून आणलं, इथे मोजलं. बोडी ती केवढीशी. वाऱ्याने तीन दिवसांत सगळं पाणी एक करून टाकलंय. तिन्हीकडे छप्पनच भरले."

मग त्यांनी ती नितळ बाटली उचलून उजेडात धरली.

"मनकर्णाबाई, तुम्ही हे हँडपंपाचं पाणी कशासाठी आणलंत?"