आईच्या नंबरावर

"विमावाले मंजुरी देत नाहीयेत," बर्निस म्हणाली आणि तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "तूच ऐक, वेस. मी परत सांगते त्यांच्या बाईला. तू साक्षीला."

वेस कांगास खुर्चीच्या कडेवर बसला होता. तीन आठवड्यांची लॉटी त्याच्या जॅकेटच्या आत, छातीला चिकटून झोपली होती. दवाखान्याच्या या मागच्या खोलीत पेशंट येत नसत. इथे बर्निस विम्याची बिलं करायची. पण आज डॉक्टर हरणाच्या शिकारीला गेलेले, नर्स टॅमी एकटी, आणि बाहेरची बाकं खोकणाऱ्या पोरांनी भरलेली. "त्या खोकल्यात तान्हं घेऊन बसतोस? अक्कल कुठे ठेवलीस? आत चल," म्हणून बर्निसनेच त्याला ओढत आणलं होतं.

थंडीबरोबर दर वर्षी येणारा, बाळांच्या छातीत बसणारा विषाणू गावात शिरला होता. वेसच्याच गल्लीतलं एक पोर ऑक्सिजनवर होतं. बाळंतपणात त्याची बायको कॉरिन गेली होती. तिच्यामागे वेसला ही एवढीशीच उरली होती. तिला त्या विषाणूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचं, अँटिबॉडीचं, इंजेक्शन मिळावं, बाकी त्याला आज काही नको होतं.

"हे बघा," बर्निस फोनकडे वाकून म्हणाली, "मी लशीचा कोड टाकलेलाच नाही. लस वेगळी, हे वेगळं. हे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन आहे. त्याचा कोड वेगळा, ते टोचण्याचा कोडही वेगळा. दोन्ही बरोबर टाकलेत."

"कोड बरोबरच आहेत, मॅडम," विमा कंपनीची बाई म्हणाली. आवाज थकलेला होता, पण गोड होता. "पण या नंबरावर याच विषाणूसाठी आधीच टोचलेलं दिसतंय. सप्टेंबरमध्ये."

"सप्टेंबरमध्ये!" बर्निस हसली. "अहो, हे बाळ ऑक्टोबर संपताना जन्मलंय. पोटात शिरून कुणी टोचलं की काय तिला?"

बर्निसचं हसू तसंच ओठांवर राहिलं, मग हळूहळू गेलं.

"वेस," ती म्हणाली, "पहिला महिना बाळाचा विमा आईच्याच नंबरावर चालतो."

"मग?"

"ती लॉटीचं सांगत नाहीये. कॉरिनचं सांगतेय. पोटुशी असताना तिनं घेतलेल्या लशीचं."

"कॉरिननं असलं काही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर तुमच्या मशीनवर दिसलं नसतं का?"

"आमच्याकडे मिशिगनमधलं दिसतं रे. पुलापलीकडचं नाही दिसत."

कॉरिन पुलापलीकडे, विस्कॉन्सिनमध्ये, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. फोनवरच्या बाईने तिकडच्या औषधाच्या दुकानाचं नाव सांगितलं. "मी थांबते लाइनवर," ती म्हणाली. "विचारून घ्या."

वेसने आपल्या मोबाइलवरून दुकानाला फोन लावला. गॉर्डन नावाच्या म्हाताऱ्या औषधवाल्याने तो घेतला. वेसने कॉरिनचं नाव सांगितलं.

"पेपरात वाचलं मी," तो म्हणाला. "फार वाईट झालं, पोरा. हो, आली होती ती. कामावरून तशीच, डोक्याला जाळी लावलेली. म्हणे, लवकर टोचा हो, घरी नवरा चुलीपाशी उभा आहे, जेवण जाळेल."

"जाळलंच होतं," वेस म्हणाला.

"मी तिला म्हटलं, बाई, यातला फायदा सगळा बाळाला, तुझ्या वाट्याला फक्त दुखणं. तर म्हणाली, म्हणजे आईपण सुरू झालं म्हणायचं!"

गॉर्डन हसला. वेसही हसला, आणि जॅकेटमधली लॉटी त्या हसण्याने हलली.

"कोणत्या हाताला टोचलं?" वेसने विचारलं.

"डाव्या. का रे?"

सप्टेंबरातल्या एका रात्री कॉरिनचा डावा हात दुखत होता. मोठी पातेली उचलून दुखत असेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने गरम पाण्याची पिशवी करून तिच्या दंडावर बराच वेळ धरली होती. चला, नवरा अगदीच फुकट गेला नाही, असं ती झोपेत पुटपुटली होती.

"शेकला होता मी," तो म्हणाला. "तोच हात."

तोपर्यंत बर्निसने दुसऱ्या फोनवर डॉक्टरांना गाठलं होतं. ते शिकारीच्या झोपडीतून वाऱ्यात ओरडून बोलत होते. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"आईनं जन्माच्या दोन आठवडे आधी लस घेतली असली की बाळाला पुरते, म्हणाले. हिला तर महिन्याच्या वर वेळ मिळाला. आईची प्रतिपिंडं नाळेतून पोचलीत सगळी. वरून काही द्यायला नको."

मग ती स्पीकरकडे वळली. "मॅडम, तुमचंच बरोबर. मी मागणी परत घेते. आणि तुमचे आभार."

"नाही म्हटल्याबद्दल?" पलीकडची बाई म्हणाली. "बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय."

"माझेही सांगा," वेस म्हणाला. बर्निसने तेही सांगितलं.

दार ढकलून टॅमी डोकावली. हातात रबरी हातमोजे, कपाळावर घाम. "मिळाली का मंजुरी? फ्रिजमधून काढू का हिचं इंजेक्शन?"

वेसने जॅकेटची चेन वर ओढली. लॉटीची टाळू तेवढी बाहेर राहिली.

"नको," तो म्हणाला. "हिचं झालंय. आईच्या दंडावर."