पालकाचा गुण

नेलिदाची नजर अधू होत चालल्याचं कळलं, तेव्हापासून रामिरोने घरात पालकाशिवाय दुसरी भाजी आणली नाही. "रक्त वाढतं, हाडं बळकट होतात, आणि डोळ्यांना तर यासारखं औषध नाही. खा मुकाट्याने, म्हातारे!"

"चार महिने खातेय. आता शिंगं तेवढी फुटायची राहिलीत," ती म्हणायची आणि ताट चाटूनपुसून रिकामं करायची.

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, म्हणून अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात घराघरांत पास्कुआलिना, म्हणजे पालक भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी होते. यंदा पहिल्यांदाच ती रामिरोने केली. सारणात चार दिशांना चार खळगे करून त्यांत एकेक अंडं फोडून घातलं, वरून पिठाची पोळी लावून कडा मुडपल्या आणि खरपूस भाजली. मग सुरी बायकोच्या हातात दिली. कापायचा मान दरवर्षी तिचाच, आणि तिची सुरी कधी अंडं चुकवत नसे.

नेलिदाने पोळीवरून हलकेच हात फिरवला. एकदा उभी, एकदा आडवी सुरी चालवली. चारही बलक बरोब्बर मधोमध कापले गेले.

"बघ! आला की नाही पालकाचा गुण?" रामिरोने तिचं ताट पुढे सरकवलं.

"आला बाबा, आला. लख्ख दिसलं मला."

पोळीखाली झाकलेलं अंडं धडधाकट डोळ्यांनाही दिसत नाही, हे तो बोलला नाही. आणि प्रत्येक अंड्याच्या नेमका वर, पोळीला त्याने चिकटवलेला पिठाचा बारीकसा मणी बोटाला लागला होता, हे तीही बोलली नाही.