दुपारपर्यंतची भूक

पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या मण्यामुळे नीलाक्षीला दुपारपर्यंत भूकच लागत नसे. न्याहारी सुटली, वजन उतरू लागलं, आणि सकाळी गॅस पेटवायचंही ती विसरून गेली. सोबत राहणारे तिचे वडील, अण्णा, त्यावर काहीच बोलले नाहीत.

आज अंघोळीहून येताना ते भोवळ येऊन दारातच खाली बसले. तिने घाईघाईने साखरपाणी पाजलं, तेव्हा कळलं, की ते रोज उपाशीपोटीच मधुमेहाच्या गोळ्या घेत होते.

"अण्णा, भूक लागते म्हणून सांगायचं ना!"

"हल्ली घरोघरी सगळ्यांनी भूक बंद करून टाकलीये. मी एकटाच खा-खा करतोय असं वाटायचं. लाज वाटायची गं मागायला."

नीलाक्षीला वजन अजून उतरवायचं होतंच, पण त्यासाठी दुसरा काही मार्ग काढता आला असता. तिने फोनवरून मणी बंद केला आणि पोह्यांना फोडणी घातली. कढीपत्ता तडतडला, वास घरभर सुटला, आणि तिच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं.

अण्णांनी ते ऐकलं. बशी पुढे करत म्हणाले, "मला जरा जास्तच वाढ."