लागोसची तबकडी

“सदर तबकडीत गायन नाही, केवळ गोंगाट आहे. भारतीय कानास ओळखीचे असे तीत काहीही नसल्याने एकात्मता सप्ताहात ती वाजवली जाऊ नये.” समितीचा हा निर्णय महाविद्यालयाच्या फलकावर लागला, तेव्हा सभागृहात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या आणि प्राध्यापिका सुलभा या तबकडीवरचे आपले व्याख्यान घेऊन दारात उभी होती.

ती तडक प्राचार्य नंदकुमारांच्या खोलीत गेली. समितीचे अध्यक्ष तेच. समोर समितीचे एक सदस्य, केळीचे अडते मोतीलाल, चहा पीत होते. नेपानगरच्या कारखान्यातून लागोसला गेलेल्या तिच्या भावाने आणलेली तबकडी मोतीलालांच्या बशीखाली होती.

“गायन नाही, हे कशावरून?”

“मॅडम, कान देऊन ऐकलं आम्ही,” मोतीलाल म्हणाले. “ढोल, भोंगे, फिर ढोल. कोणी तोंडच उघडेना! आमच्या नदीवरच्या राजघाटावर भजनात बुवा लगेच सुरू होतो.”

“किती वेळ ऐकलंत?”

“पाच मिनिटं. समितीचा नियम आहे, सबके लिए.”

सुलभाने बशी उचलून बाजूला ठेवली. “या तबकडीची एक बाजू म्हणजे एकच गाणं. वाद्यांची बैठक जमल्याशिवाय गायक येत नाही. तो आला, तेव्हा आपण उठला होतात. तो ओळ म्हणतो, बायका ती झेलतात. राजघाटावर तुमचे टाळकरी झेलतात तशीच. ढोल तिथल्या योरुबा लोकांचे. कर्णे इंग्रजांच्या पलटणींनी मागे ठेवलेले. गिटार किनाऱ्यावरच्या नाचगाण्यांतली. आणि ठेका, गुलाम म्हणून अमेरिकेत विकल्या गेलेल्यांच्या वंशजांकडून परत आलेला. समुद्राने तोडलेली माणसं इथे एका तालात आली आहेत, आणि एकात्मता समितीला त्यात ओळखीचं काही सापडलं नाही.”

“पण पेटी नाही ना त्यात.”

“पेटी आहे. विजेवर चालते.”

मोतीलाल कपबशी घेऊन बाहेर गेले. सभागृहातल्या ध्वनिक्षेपकावर, तिच्या व्याख्यानाच्या जागी, समूहगीत सुरू झाले.

“सर, आपण उमेदीत तबला शिकलात,” सुलभा म्हणाली. “आपल्यालाही गोंगाटच ऐकू आला?”

नंदकुमारांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“पाच मिनिटं झालीच नव्हती,” ते म्हणाले. “माझा पाय हलू लागला होता. सगळे सदस्य पायाकडेच पाहत होते. म्हणून सुई मीच उचलली.”