मोठी पिल्लं

लग्न होऊन वर्ष झालं, तरी नवऱ्याची दहा वर्षांची लेक नव्या आईच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. अशात परसातली कोंबडी खुडूक झाली; खाली एक अंडं नाही, तरी पिसं फुगवून, दाणापाणी सोडून बाई ठाण मांडून बसल्या. लेक खूश होईल म्हणून नव्या आईने बाजारातून पिल्लं आणली आणि अंधार पडल्यावर हळूच तिच्या पंखांखाली सरकवली.

सकाळी कोंबडी पंख पसरून बोलावत होती आणि पिल्लं लांब कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली होती.

"कोंबडी घेते हो पदरात," शेजारचे आजोबा म्हणाले, "पण पिल्लं कालपरवाची लागतात. ही मोठी आणलीस, सूनबाई. आता नाही जायची."

लेक बराच वेळ बघत राहिली. मग पहिल्यांदाच आपण होऊन नव्या आईशी बोलली,


"काकू, कोंबडीला सांगा ना, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."